पोहण्याची तळी आणि तिचे वर्ष

मंडळी, पोहायला शिकलात कुठे, असे आपल्या रत्नागिरीकडच्या जुन्या माणसाला विचारा. देवळाच्या तळीत, नाहीतर पऱ्ह्याच्या कोंडीत, हेच उत्तर बहुधा मिळेल. पाठीला सुका भोपळा बांधला की झाली तयारी! त्या पाण्यात कुणी औषध घातले नव्हते. मग ते स्वच्छ राहिले कसे?

पालापाचोळा, शेण आणि साबण यांतून पाण्यात जे खत उतरते, त्यावर हिरवे शेवाळ पोसते. काठची लव्हाळी आणि कमळे तेच खत ओढून घेतात. जेमतेम डोळ्यांना दिसणाऱ्या पाणपिसवा शेवाळाचे कण खातात. ऑस्ट्रियात १९८० नंतर याच तत्त्वावर पोहण्याचे तलाव बांधू लागले, आणि त्यातली बरीच जागा ते वनस्पतींनाच देतात. आपण मात्र काठ साफ करतो म्हणून लव्हाळी मुळासकट उपटतो.

पावसाळ्यात आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो. तळीच्या वरच्या अंगाला चर खणून गोठ्याचे आणि रस्त्याचे पाणी परस्पर बाहेर काढावे. त्या दिवसांत तळीत उतरू नये. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. दिवाळीनंतर पाणी निवळले, की पायऱ्या खराट्याने घासा, पाने जाळीने काढा. कपडे धुण्याची जागा खालच्या अंगालाच हवी.

खरी काळजी उन्हाळ्याची. जांभ्यातून पाणी झिरपते. फाल्गुनापासून तळी उतरू लागते, आणि पोरांना सुट्टी लागते ती पाणी थोडे व कोमट असताना. केरळात २०२४ साली मेंदूज्वराचे रुग्ण आढळले, काही मुले दगावली. अशा कोमट, साचल्या गोड्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत जातो. पाणी प्यायल्याने नव्हे. रोग विरळा, पण लागला तर बहुधा प्राणच घेतो. म्हणून गुरुजी, मुलांना सांगा: पाणी कमरेच्या खाली गेले की तळी बंद. उड्या नकोत, तळचा चिखल ढवळणे नको, नाकात पाणी जाऊ द्यायचे नाही. पोहल्यानंतर काही दिवसांत ताप, जबर डोकेदुखी, मान ताठणे दिसले, तर तडक दवाखाना गाठा आणि मूल तळीत पोहले होते हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

गाळ वैशाखात उपसावा, माडांच्या आळ्यांत घालावा. पण तळ खरवडू नका. खालचा चिकणमातीचा थर गेला, तर पुढच्या वर्षी पाणी माघातच आटेल.