मेंदूतले भोवरे काय सांगतात?

भोवरा फिरवलाय ना कधी? वेग मंदावला की तो कसा डुलायला लागतो! दोस्तांनो, तुमच्या मेंदूतही असे अगणित भोवरे आहेत. ते म्हणजे हायड्रोजनच्या अणूंची केंद्रकं.

एमआरआयच्या मशीनमधलं चुंबक भलतंच ताकदवान असतं. ते 3 टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) असेल, तर हे भोवरे सेकंदाला सुमारे पावणेतेरा कोटी वेळा डुलतात! आणि हायड्रोजन ज्या रेणूत बसलाय, त्याप्रमाणे हा आकडा किंचित बदलतो. किती? पावणेतेरा कोटींत फार तर काही शेकड्यांनी! तरी मशीन तो फरक रेडिओलहरींतून टिपतं आणि पडद्यावर डोंगररांग काढतं. एकेक शिखर एकेका रसायनाचं. या तपासणीचं नाव एमआर स्पेक्ट्रोस्कोपी. यात क्ष-किरण नसतात. मशीनची ठकठक ऐकत न हलता पडून राहायचं, बस्स.

निरोगी मेंदूत सगळ्यांत उंच शिखर असतं एनएए नावाच्या रसायनाचं. ते मुख्यतः चेतापेशींमध्ये असतं. शिखर उंच, म्हणजे चेतापेशी ठणठणीत!

या शिखराचा उपयोग अपस्मार या आजारातही होतो. त्यात असंख्य चेतापेशी एकदम विजेचे संदेश सोडतात आणि फिट येते. बहुतेकांच्या फिट औषधांनी थांबतात. ज्यांच्या थांबत नाहीत, त्यांच्या मेंदूत फिट नेमकी कुठून सुरू होते, हे शस्त्रक्रियेसाठी शोधावं लागतं. पुष्कळदा ती जागा असते हिप्पोकॅम्पस. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून नावही तेच! तो डावीकडे एक, उजवीकडे एक. डॉक्टर दोन्हींचे आलेख शेजारी ठेवून बघतात. जिकडे एनएएचं शिखर बुटकं, तिकडे संशय. मग ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) आणि एमआरआयशी ताळा जुळवायचा.

1997 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या संशोधकांना एक नवल दिसलं. शस्त्रक्रियेने फिट थांबलेल्या रुग्णांच्या मेंदूत हे खुजं शिखर पुन्हा वर आलं होतं. त्या पेशी मेल्या नव्हत्या, दमल्या होत्या!

अपस्मार हा मेंदूचा आजार आहे, भूतबाधा नव्हे. वर्गात कुणाला फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, बाईंना बोलवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करायला सांगा. आणि मित्र शुद्धीवर आला की त्याच्याजवळच बसा.