ताटांवरून गरिबी मोजताना

जानेवारी 2015 मध्ये अमेरिकेत एक बातमी गाजली: सरकारी शाळांतली निम्म्याहून जास्त मुलं गरीब. आकडा 51 टक्के होता आणि खराच होता. मात्र तो शाळेत मोफत किंवा सवलतीच्या दरात जेवणाला पात्र असलेल्या मुलांचा होता. त्या सुमारास जनगणना खात्याच्या हिशेबानं दारिद्र्यरेषेखाली होतं पाचातलं एक मूल.

ही तफावत योजनेच्या नियमांतच आहे. दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण फुकट. 185 टक्क्यांपर्यंत असेल तर फार तर 40 सेंट. 2024-25 साठी चौघांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा 31,200 डॉलर धरली होती आणि सवलतीची मर्यादा 57,720 डॉलर. म्हणजे ओढाताणीनं का होईना, घर चालवणारी कितीतरी कुटुंबं या मोजणीत येतात.

मग यादीत नाव नाही ते घर खाऊनपिऊन सुखी? तेही नाही. सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्यांची मुलं आपोआप पात्र ठरतात, पण इतरांना अर्ज भरावा लागतो. त्यात घरातली माणसं, प्रत्येकाची कमाई आणि सही करणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे विचारतात. क्रमांक नसला तरी अर्ज चालतो. पण नुकतं स्थलांतर करून आलेलं कुटुंब तो रकाना बघूनच बिचकतं. हायस्कूलच्या वयात तर लाजच आडवी येते.

त्यात 2014-15 पासून देशभर नवी तरतूद आली. शाळेतली 40 टक्के मुलं अशी आपोआप पात्र असतील, तर सगळ्यांनाच मोफत जेवण देता येतं. 2023 मध्ये ही अट 25 टक्क्यांवर आली. न्यूयॉर्क शहरानं 2017 मध्येच सर्व सरकारी शाळांत जेवण मोफत केलं, त्यामुळे तिथे डॉक्टरचा मुलगाही फुकटच जेवतो. आपल्याकडे शालेय पोषण आहाराच्या खिचडीवरून कोणी वर्गातली गरिबी मोजत नाही, तसंच हे.

सगळ्यात मोलाचा पुरावा मिशिगनचा. तिथे आठवीतली निम्मी मुलं पात्र होती, पण बालवाडीपासून दरवर्षी पात्र ठरलेली फक्त 14 टक्के. अभ्यासात सर्वांत मागे हीच मुलं होती, आणि 'पात्र' या एकाच रकान्यात ती दिसेनाशी झाली होती.

मॅसॅच्युसेट्सनं 2014-15 पासून जेवणाचे अर्ज सोडून सरकारी मदतयोजनांतल्या नोंदींवरून मोजणी सुरू केली. राज्यातल्या गरजू विद्यार्थ्यांचं प्रमाण कागदोपत्री एका वर्षात 10 टक्क्यांहून जास्त उतरलं.