पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात

नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात बागायत वाढली. पुढे काही वर्षांतच सखल भागातील काळ्या जमिनींवर पांढरे क्षार फुलू लागले. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान व श्री. ताम्हाणे यांनी या जमिनींचा अभ्यास करून १९१० साली नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. म्हणजे हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. निमगाव केतकी परिसरात ऊस, पानमळे, डाळिंब अशी बागायती पिके घेणाऱ्यांनी क्षार वर का येतात हे समजून घेतल्यास जमीन बिघडण्याआधीच उपाय करता येतील.

पाणी वर कसे चढते?

पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात. या पकडीला हायड्रोजन बंध म्हणतात. पाण्याचे रेणू मातीच्या कणांनाही चिकटतात. मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्या म्हणजे जणू केसासारख्या नळ्याच. नळीच्या कडेला चिकटलेले पाणी वर सरकते व आपल्यामागे दुसऱ्या पाण्याला ओढते. समईच्या वातीत तेल वर चढते ते याच कारणाने. यालाच केशाकर्षण म्हणतात.

नळी जितकी बारीक, तितके पाणी उंच चढते. ०.१ मि.मी. व्यासाच्या नळीत पाणी सुमारे ३० से.मी. चढते, तर ०.०१ मि.मी. व्यासाच्या नळीत सुमारे ३ मीटर. काळ्या चिकण जमिनीतील पोकळ्या अतिशय बारीक असल्याने पाणी उंच चढू शकते, मात्र त्याचा वेग कमी असतो. मध्यम पोताच्या जमिनीत उंची कमी, पण वेग जास्त असतो. भूजलाची पातळी जमिनीच्या पृष्ठभागापासून दीड ते दोन मीटरच्या आत आली की धोका सुरू होतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

वाफ होताना काय घडते?

पृष्ठभागावर आलेल्या पाण्याची वाफ होण्यासाठी रेणूंची एकमेकांवरील पकड सुटावी लागते. त्यासाठी पुष्कळ उष्णता लागते. एक ग्रॅम पाणी ३० अंश सेल्सिअसवरून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ७० कॅलरी पुरतात, पण ३० अंशांवरच त्याची वाफ करण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात. माठातील पाणी थंड राहते ते यामुळेच. शेतात ही उष्णता ऊन व वारा पुरवितात.

वाफ होऊन फक्त पाणी जाते. त्यात विरघळलेले क्षार हवेत उडू शकत नाहीत, ते जागेवरच राहतात. मिठागरात मीठ तयार होते ते याच पद्धतीने.

याचा हिशेब पाहा. एका एकरातून १ मि.मी. पाणी उडाले म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी गेले. भूजलात लिटरला २ ग्रॅम क्षार असतील तर दिवसाला ८ किलो क्षार वर साचले. रोज १ मि.मी. याप्रमाणे १०० दिवसांत हा साठा ८०० किलो होतो. पाऊस कमी असल्याने ते पुरेसे धुतले जात नाहीत.

जादा पाणी हा उपाय नव्हे

भरपूर पाणी दिले की क्षार धुऊन जातात, अशी समजूत आहे. निचरा असेल तरच ती खरी ठरते. निचरा नसेल तर जादा पाण्याने भूजल आणखी वर येते. क्षार काही दिवस खाली गेल्यासारखे वाटतात, पण उन्हाळ्यात तेच पाणी त्यांना पुन्हा वर आणते. म्हणून आधी निचरा, नंतर धुणे हा क्रम चुकवू नये.

उपाययोजना

१. शेताच्या सखल कडेला सुमारे दोन मीटर खोलीचे निरीक्षण छिद्र घेऊन त्यात सच्छिद्र पाईप बसवावा. पाण्याची पातळी नियमित मोजून नोंद ठेवावी.

२. उघडे चर किंवा सच्छिद्र पाईपचा भूमिगत निचरा करावा. पाण्याला बाहेर वाट हवी, म्हणून शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून नियोजन करावे.

३. उसाचे पाचट जाळू नये. सरीत पसरल्यास जमिनीवर ऊन व वारा कमी लागतो आणि बाष्पीभवन घटते.

४. वाफशावर कोळपणी करावी. वरचा थर भुसभुशीत झाल्याने बारीक नळ्या तुटतात आणि भेगा बुजतात. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ या म्हणीमागे हेच शास्त्र आहे.

५. सरी-वरंब्यात पाणी वरंब्याच्या माथ्याकडे ओढले जाते, म्हणून क्षार माथ्यावर साचतात. अशा जमिनीत लागवड माथ्यावर न करता वरंब्याच्या बगलेत करावी.

६. ठिबकमध्ये क्षार ओलाव्याच्या कडेला साचतात. पहिल्या हलक्या पावसात ते मुळांकडे सरकू नयेत म्हणून पाऊस चालू असतानाही ठिबक चालू ठेवावे.

७. माती व पाणी तपासल्याशिवाय जिप्सम टाकू नये. विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, पण सामू ८.५ पेक्षा कमी असल्यास जमीन सामान्यतः खारवट असते. तेथे निचरा व धुणे पुरते. सामू ८.५ पेक्षा जास्त व विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास जमीन चोपण होय. तेथे शिफारशीप्रमाणे जिप्सम द्यावे, ताग किंवा धैंचा गाडावा.

थोडक्यात, पाण्याचा वर चढण्याचा गुण आपण बदलू शकत नाही, परंतु त्याची वाट अडवू शकतो. पांढरा थर दिसला म्हणजे बिघाड बराच पुढे गेलेला असतो. तो दिसण्याची वाट न पाहता भूजलाची पातळी मोजण्यापासून सुरुवात करावी.