फोनची पाटी पुसण्यापूर्वी

स्मार्टफोन वारंवार अडकू लागला, की त्याची कार्यप्रणाली नव्याने घालता येते. पण त्या भरात मुलांच्या प्रकल्पांचे फोटो गेले तर? ते का जातात, हे आधी समजून घेऊ.

अँड्रॉइड फोन सुरू करताच बूटलोडर हा छोटा प्रोग्राम पुढची प्रणाली अस्सल आहे का, हे अंकीय सहीवरून तपासतो. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये संगणकावरून प्रणाली घालण्याच्या एका पद्धतीत या पहारेकऱ्याचे कुलूप उघडावे लागते. ते उघडताना फोनमधील आपली सारी माहिती पुसली जाते. हे मुद्दामच केलेले आहे. नाहीतर चोर स्वतःची प्रणाली घालून आपली माहिती वाचू शकला असता.

म्हणून आधी फोटो संगणकावर उतरवू आणि तिथे उघडून पाहू. गूगल खात्याचा पासवर्ड आठवतो ना, याची खात्री करू. फाइल निर्मात्याकडूनच आणि नेमक्या आपल्याच मॉडेलची घेऊ. बॅटरी भरलेली हवी. काम चालू असताना केबल हलवायची नाही. कुलूप परत लावतानाही माहिती पुसली जाते. म्हणून मूळ प्रणाली नीट सुरू झाली की कुलूप लावू आणि मगच फोटो परत भरू.

उतरवलेली फाइल शाबूत आहे का? तिचा ‘शा-२५६’ ठसा काढून निर्मात्याने दिलेल्या ठशाशी ताडून पाहू. हा ठसा ६४ चिन्हांचा असतो. वर्गात एका वाक्याची फाइल करून तिचा ठसा काढा, मग एकच स्वल्पविराम खोडून पुन्हा काढा. ठसा किती बदलला, ते मुलांनाच सांगू द्या.