सरहद्दीवरचे घर

'सरहद्द' हा शब्द तुम्हांला चांगला ओळखीचा आहे. दोन देशांमधील सीमा, असा त्याचा अर्थ आपण घेतो. पण अठराव्या शतकातील अमेरिकेत सरहद्द ही नकाशावर आखलेली रेषा नव्हती. युरोपातून आलेल्या लोकांची शेते आणि घरे जिथे संपत आणि जंगल सुरू होई, त्या भागाला सरहद्द म्हणत. काही वर्षे गेली की ती आणखी पश्चिमेकडे सरके. त्या सरहद्दीवर राहिलेल्या एका कुटुंबाची ही हकीकत आहे.

डॅनियल बून याचा जन्म १७३४ साली पेनसिल्व्हेनियात झाला. त्याचे वडील इंग्लंडहून आलेले विणकर होते; ते लोहारकामही करीत. अकरा भावंडांत डॅनियल सहावा. शाळा त्याच्या वाट्याला फारशी आली नाही. लिहिताना तो पुष्कळ चुका करी, पण शिकारीला निघताना सोबत पुस्तक नेई. १७७० साली जंगलातील मुक्कामात शेकोटीजवळ 'गलिव्हरचा प्रवास' हे पुस्तक वाचले गेले आणि त्यातील एका नावावरून सोबत्यांनी जवळच्या ओढ्याचे नावच ठेवून टाकले! त्याची वाचनाची आवड तुम्ही जरूर घ्या. शुद्धलेखन मात्र घेऊ नका.

पुढे हे कुटुंब दक्षिणेकडे नॉर्थ कॅरोलिनात गेले. तेथे १७५६ साली डॅनियलचा रिबेका ब्रायन हिच्याशी विवाह झाला. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. या दोघांना १७५७ ते १७८१ या काळात दहा मुले झाली. शिवाय डॅनियलच्या भावाची पोरकी मुले आणि पुढे रिबेकाच्या विधुर भावाची सहा मुलेही तिनेच वाढवली.

घर म्हणजे ओंडक्यांवर ओंडके रचून उभारलेली खोली. ओंडक्यांमधील फटी मातीने लिंपलेल्या आणि एका भिंतीला मोठी चूल. मक्याचे पीक घ्यायचे, गाईगुरे सांभाळायची, सूत कातायचे आणि कपडे शिवायचे. बून शरद ऋतूत शिकारीला निघे आणि कित्येक महिने परत येत नसे. हरणांची कातडी विकून पैसा मिळे, तोही बराचसा कर्ज फेडण्यात जाई. घरी आता पुरुष नाही म्हणून काही शेत थांबत नसते. ती सगळी कामे रिबेका करी.

ॲपलॅशियन पर्वताच्या पलीकडे केंटकी नावाचा सुपीक प्रदेश होता. १७६९ साली कंबरलँड खिंडीतून बून तेथे गेला तो दोन वर्षांनी, १७७१ साली परतला. गोऱ्या लोकांना ती जमीन मोकळी वाटली. पण ती मोकळी नव्हती. शॉनी, चेरोकी आणि इतर मूळ अमेरिकन लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे शिकार करीत. इंग्रजांनी करार केले, पण ज्यांनी सही केली त्यांना सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोठे होता? १७६८ सालच्या करारात इरोक्वॉय लोकांनी ही जमीन सोडली आणि तेथे शिकार करणाऱ्या शॉनींना तो करार मुळीच मान्य नव्हता. पुढच्या रक्तपाताचे मूळ येथे आहे. हे लक्षात ठेवले नाही, तर बूनची गोष्ट केवळ शौर्यकथा वाटते.

१७७३ साली बून बायकामुलांसह केंटकीकडे निघाला. वाटेत मागे राहिलेल्या एका तुकडीवर मूळ रहिवाशांनी हल्ला केला. त्यात बूनचा थोरला मुलगा जेम्स मारला गेला. तो अवघा सोळा वर्षांचा होता. कफनासाठी रिबेकाने आपल्या सामानातील लिननच्या चादरी काढून दिल्या. तेवढ्यावर तो बेत सोडून द्यावा लागला.

तरीही १७७५ साली बूनने सुमारे तीस माणसांसह झाडे तोडत खिंडीतून रस्ता काढला आणि केंटकी नदीकाठी बून्सबरो ही वस्ती उभारली. या कामांत गुलाम केलेले आफ्रिकी लोकही राबत. पुढे बूनकडेही गुलाम होते. त्याच वर्षी रिबेका मुलांना घेऊन तेथे आली.

१४ जुलै १७७६ रोजी बूनची मुलगी जेमायमा आणि तिच्या दोन मैत्रिणी नावेतून जात असताना त्यांना पकडून नेण्यात आले. मुली हुशार होत्या. चालताना त्यांनी फांद्या मोडल्या, कपड्यांच्या चिंध्या टाकल्या. त्या खुणांवरून बूनने दोन दिवसांत त्यांना गाठले आणि सोडवून आणले.

१७७८ साली बून स्वतः पकडला गेला. मांस टिकवण्यासाठी मीठ लागे आणि ते खाऱ्या झऱ्याचे पाणी आटवून काढावे लागे. त्या कामावर असताना शॉनींनी त्याला कैद केले. पण त्यांनी त्याला मारले नाही. त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला मुलगा मानले आणि 'शेल्टोवी', म्हणजे मोठे कासव, असे नाव दिले. शॉनी बून्सबरोवर चालून जाणार हे कळताच जून महिन्यात बून निसटला आणि चार दिवसांत १६० मैल तुडवून घरी पोहोचला. घर रिकामे होते! तो मेला असे समजून रिबेका मुलांसह नॉर्थ कॅरोलिनाला निघून गेली होती. विवाहित जेमायमा तेवढी मागे थांबली होती. रिबेकाला दोष कसा द्यावा? महिनोन्‌महिने निरोप नाही आणि पदरात लहान मुले.

१७८२ सालच्या ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा इझ्रायल बापाच्या डोळ्यांदेखत पडला.

एवढे सोसून जमीन तरी मिळाली का? तेथे जमिनीवर हक्क सांगायचा, मोजणी करायची आणि सरकारी दप्तरात नोंद करायची, अशी पद्धत होती. मोजणी ढोबळ असल्यामुळे एकाच तुकड्यावर दोघातिघांचे दावे पडत. खटले सुरू झाले. बून स्वतः मोजणीदार होता, पण त्याचेच दस्तऐवज कच्चे निघाले आणि केंटकीतील जमीन हातची गेली. १७९९ साली पासष्टीच्या उंबरठ्यावर तो कुटुंबासह मिसूरीत गेला. तो मुलूख तेव्हा स्पेनचा होता आणि स्पेनने त्याला जमीन दिली. १८०३ साली अमेरिकेने तो प्रदेश विकत घेतला आणि बूनचा दावा पुन्हा नाकारला गेला. १८१४ साली काँग्रेसने काही जमीन परत दिली, तीही कर्जापायी विकावी लागली.

रिबेका १८१३ साली वारली. बून २६ सप्टेंबर १८२० रोजी धाकटा मुलगा नेथन याच्या दगडी घरात वारला. ते घर मिसूरीत अजून उभे आहे. मृत्यूपूर्वी काही महिने चेस्टर हार्डिंग नावाच्या चित्रकाराने बूनला समोर बसवून त्याचे चित्र काढले. रिबेकाचे चित्र मात्र कोणी काढल्याचे माहीत नाही. तिच्याविषयी पुष्कळशी माहिती मिळते ती १८५१ साली म्हाताऱ्या नेथनने सांगितलेल्या आठवणींतून.