राजमाता ब्लांश : लेखांक तिसरा
अल्पवयीन राजा आणि बंडखोर सरदार

वृद्ध आजी एलिनॉरच्या सोबतीने पिरेनीज पर्वत ओलांडून सन १२०० मध्ये फ्रान्सच्या राजघराण्यात आलेली कास्तिलची राजकन्या गेल्या लेखांकात राणीपदापर्यंत पोहोचली होती. ते पद तिला पतीच्या छायेखाली जेमतेम तीन वर्षे लाभले. दक्षिणेच्या स्वारीवरून परतत असता आठवा लुई ८ नोव्हेंबर १२२६ रोजी मोंपांसिए येथे निवर्तला, आणि बारा वर्षांच्या लुई या पुत्राबरोबर साऱ्या राज्याचा भार अडतीस वर्षांच्या ब्लांशवर येऊन पडला.

राजा अज्ञान असता कारभार कोणी पाहावा, याविषयी त्या राज्यात कोणताही निश्चित कायदा नव्हता. मुलांचे व राज्याचे पालकत्व राजाने अंतकाळी राणीच्या स्वाधीन केले, अशी सांस, शार्त्र आणि बोव्हे येथील धर्माध्यक्षांनी दिलेली लेखी साक्ष, एवढाच तिच्या मुखत्यारीचा दस्तऐवज होता. परमुलखातून आलेल्या स्त्रीपुढे मान तुकविण्यास नाखूष असलेले सरदार या दस्तऐवजाची किंमत किती करतील, हे तिने पुरते ओळखले होते. म्हणूनच पतिशोकाला सवड न देता तीन आठवड्यांच्या आत, २९ नोव्हेंबरला, तिने रॅंस येथे मुलाला राज्याभिषेक करविला. माझ्या मते तिच्या साऱ्या राजकारणात याहून निर्णायक पाऊल दुसरे नाही, कारण अभिषिक्त राजावर शस्त्र उचलणे हा आता उघड राजद्रोह ठरणार होता.

तरीही ब्रिटनीचा प्येर मोक्लेर्क आणि मार्शचा ह्यू द लुझिन्याँ यांनी कट रचलाच. शांपेनचा थिबो सुरुवातीला त्यांच्याच बाजूचा होता. त्याला तिने वळवून घेतले आणि १२२७ च्या मार्चमध्ये व्हांदोम येथे उरलेल्यांना तह करणे भाग पाडले. पुढे सरदारांनी बालराजाला वाटेत पकडण्याचा घाट घातला, तेव्हा मायलेकांनी मोंल्हेरीच्या किल्ल्याचा आश्रय घेऊन पॅरिसच्या नागरिकांना हाक दिली. सशस्त्र आणि निःशस्त्र अशा प्रजाजनांनी तिथपासून राजधानीपर्यंतचा रस्ता कसा दुतर्फा भरून गेला होता आणि राजाला दीर्घायुष्य मिळो अशी प्रार्थना ते कसे करीत होते, ही आठवण लुईने प्रौढपणी आपला चरित्रकार झ्वांव्हिल याला सांगितली. सरदारांनी जिला परकी म्हटले, तिच्या हाकेला शहर धावून आले, ही गोष्ट मला तिच्या कोणत्याही जयापेक्षा मोठी वाटते.

ब्रिटनीवरील स्वारीत सरदार हजर झाले खरे, पण प्रत्येकाने केवळ दोन स्वार बरोबर आणले, आणि थिबोच्या तीनशे स्वारांनी राजाची लाज राखली, असे झ्वांव्हिल लिहितो. १२२९ च्या ऐन हिवाळ्यात ब्लांशने बेलेमला वेढा घातला, आणि स्वतः छावणीत राहून तो किल्ला सर केला.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये तिच्या शिपायांच्या हातून काही विद्यार्थी मारले गेले आणि अध्यापक शहर सोडून गेले. ती जखम भरून येण्यास दोन वर्षे व पोपची सनद लागली. या प्रकरणी राणीची कठोरता मला समर्थनीय वाटत नाही.

परंतु १२२९ च्याच एप्रिलमध्ये पॅरिस येथे तुलूझच्या सातव्या रेमोंशी झालेल्या तहाने दक्षिणेतील वीस वर्षांचे रक्तरंजित युद्ध थांबले. रेमोंची कन्या झान हिचा विवाह राजाचा भाऊ आल्फोंस याच्याशी व्हावा आणि रेमोंच्या पश्चात तुलूझचा मुलूख त्या दांपत्याकडे जावा, असे ठरले. त्यांना संतती न झाल्यास तो राजाकडे यावा, हे कलमही त्यात होते. आल्फोंस आणि झान १२७१ मध्ये निपुत्रिक वारले, आणि ब्लांशच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी तो सारा प्रदेश तिच्या नातवाच्या राज्यात सामील झाला.