बोटीच्या बॅटरीला काठावरची वीज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पवना धरणातून विसर्ग वाढला की चिंचवडला मोरया गोसावी मंदिराच्या आवारात पाणी शिरतं, आणि काठच्या वस्त्यांमधून माणसं काढायला बोट लागते. अशी बोट वर्षातले बहुतेक महिने शेडमध्येच उभी असते. इंजिन सेल्फवर चालू होणारं असेल, तर ऐन वेळी दगा देते ती बॅटरी.

‘फुल चार्ज करून ठेवली होती, वापरलीच नाही, मग उतरेल कशी?’ असं बरेच जण विचारतात. लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी महिन्याला साधारण 5 टक्के उतरते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. 12.7 व्होल्टची बॅटरी 12.4 च्या खाली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. इंजिन चालू झाल्यावर भरून निघेल, ही आशाही फोल. लहान आउटबोर्ड इंजिन चार्जिंगला थोडेच अँपिअर देतं आणि बोट फिरते थोडाच वेळ.

म्हणून 230 व्होल्टवर चालणारा चार्जर बोटीला कायमचा बसवावा. गॅरेजमधला जुना साधा चार्जर नको. तो स्वतःहून थांबत नाही, बॅटरीतलं पाणी उडवत राहतो. 14.4 व्होल्टपर्यंत भरून मग साडेतेराच्या आसपास राखणारा चार्जर घ्यावा. 100 एएचच्या बॅटरीला 10 अँपिअर पुरतात. पाणी कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटरच टाकायचं, ॲसिड नाही.

‘चार्जरमध्ये फ्यूज आहेच की.’ तो चार्जरला वाचवतो. बॅटरीकडची वायर कुठे घासून शॉर्ट झाली, तर त्या वायरीत शेकडो अँपिअर सोडते ती बॅटरी. त्यामुळे पॉझिटिव्ह टर्मिनलला लागून वेगळा फ्यूज लागतो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि शेजारी पेट्रोलची टाकी असते, तेव्हा जागा हवेशीर हवी.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे गोड्या पाण्यात शॉकचा धोका कमी. वस्तुस्थिती उलटी आहे. समुद्राचं खारं पाणी शरीरापेक्षा चांगलं वीजवाहक असतं, त्यामुळे गळती झाली तरी बराचसा प्रवाह माणसाला वळसा घालून जातो. नदीत मात्र शरीर हाच विजेचा सोपा रस्ता ठरतो. दहा-पंधरा मिलिअँपिअरमध्ये स्नायू आखडतात आणि पट्टीचा पोहणारा काठापासून हातभर अंतरावर बुडतो. अंगावर भाजल्याची खूणही नसते, त्यामुळे कारण विजेचं होतं हे कित्येकदा कळतच नाही.

तरीही पाण्यात बांधलेल्या काही बोटींवर अर्थिंगची वायर मुद्दाम तोडलेली असते, कारण तिच्यामुळे बोटीचा धातू लवकर झिजतो. हे खरं आहे, पण त्यावर, अर्थिंग न तोडता झीज करणारा बारीक प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हा उपाय आहे. अर्थिंग तोडणं म्हणजे चार्जरमधली गळती नदीत सोडणं. ट्रेलरवर उभ्या बोटीला तर ही सबबही नाही.

‘बोर्डावर एमसीबी आहे’ एवढ्यावरही विसंबू नये. 16 अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणूस त्याच्या हजाराव्या हिश्श्यात आखडतो. गळती ओळखून वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीच लावायला हवा. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. तो पडला नाही, तर बदलेपर्यंत बोटीचा प्लग लावू नका.